वेल्डिंग, रोबो आणि कोल्हापूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल आणि उद्यमनगर या पट्ट्यात फॅब्रिकेशनचं काम करताना आणि नवी पोरं शिकवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे तीन तऱ्हेचे: शेडचे मालक, हातात होल्डर धरणारे मेस्त्री आणि मुलाला कुठल्या ट्रेडला घालावं या विचारात पडलेले आईवडील.

रोबो आले, आता वेल्डर संपला म्हणतात. खरं का?

एकच जॉब (म्हणजे जोडायचा नग) दिवसभर मारत बसणारा वेल्डर अडचणीत आहे, हे खरं. पण सगळे वेल्डर एका मापाचे नसतात. गाडीच्या पार्टला ब्रॅकेट जोडणारा एक, घराचं गेट-ग्रिल करून देणारा दुसरा, साखर कारखान्यात बॉयलरची ट्यूब बदलणारा तिसरा, आणि भर हंगामात रस्त्याकडेला उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा तुटलेला हुक जोडून देणारा चौथा. यातल्या पहिल्याच्या जागी रोबो आधीच बसलाय. चौथ्याच्या जागी तो कधी बसेल, हे सांगायला आमच्यात तरी कुणी तयार नाही.

आम्हाला जास्त काळजी वेगळीच वाटते. तुमच्या शेडमध्ये रोबो आला नाही म्हणून तुमचा वेल्डर वाचला, असं होत नाही. चाकणच्या एखाद्या पुरवठादाराने रोबो लावला, एका नगामागे चार रुपये कमी सांगितले आणि कंपनीने ऑर्डर तिकडे वळवली, की तुमचा वेल्डर घरी बसतो. रोबो त्याने डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नसतो.

हे सगळं आत्ताच कुठून सुरू झालं?

आत्ता नाही. आपोआप तार पुढे सरकवणारं वेल्डिंग अमेरिकेत १९२० च्या सुमारास आलं. पावडरीखाली चालणारं सब-आर्क वेल्डिंग १९३० च्या दशकातलं, ते आजही जाड प्लेटी आणि मोठ्या टाक्या जोडायला वापरतात. पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात लागला, तोही वेल्डिंगला नाही. डाय कास्टिंगचे गरम तुकडे उचलायला. गाड्यांच्या सांगाड्याला स्पॉट (ठिपक्याचं वेल्ड) मारायला रोबो आले ते त्याच दशकाच्या शेवटी.

आपल्याकडे घाई अलीकडची. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या मोजणीत २०२३ साली भारतात ८,५१० औद्योगिक रोबो नव्याने बसले. आधीच्या वर्षापेक्षा हा आकडा निम्म्याहून जास्त वाढलेला होता. त्याच वर्षी चीनमध्ये पावणेतीन लाखांवर बसले, हेही शेजारी लिहून ठेवा. आणि हे सगळ्या तऱ्हेचे रोबो आहेत, फक्त वेल्डिंगचे नव्हेत.

वेल्डिंगचा रोबो नेमकं करतो काय?

सहा सांध्यांचा हात, त्याच्या टोकाला सीओटूचा (गॅसच्या आडोशात आपोआप तार सरकवत चालणाऱ्या वेल्डिंगचा) टॉर्च, शेजारी तार सोडणारा फीडर आणि वेल्डिंगचं मशीन. जॉब फिक्स्चरमध्ये, म्हणजे त्याला जागच्या जागी पकडून ठेवणाऱ्या साच्यात, आवळायचा. टीच पेंडंट नावाचा जाड रिमोट हातात घेऊन ऑपरेटर टॉर्चला एकेका जागी नेतो आणि ती जागा पाठ करायला लावतो: इथून सुरू, इथे कोपरा, इथे थांब. मग करंट, व्होल्टेज, तारेचा वेग, टॉर्चचा कल, हात किती डोलवायचा, हे सगळं भरायचं. पुढच्या प्रत्येक नगाला तो त्याच जागांवरून, त्याच वेगाने जातो. दोन फेऱ्यांतला फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असतो.

इथेच गोम आहे. रोबो त्याच जागी जातो, पण जॉब त्याच जागी आलाय का? तार १.२ मिलिमीटरची धरा. सांधा ठरलेल्या जागेपासून तारेच्या जाडीच्या निम्म्याने, म्हणजे ०.६ मिलिमीटरने हलला, की गोंधळ सुरू. आपल्याकडे शिअरिंगवर कापलेली पट्टी, हाताने मारलेलं बेंड आणि गॅस कटरने केलेला बेव्हल (तिरकी कड) असेल तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक कुणी मोजतसुद्धा नाही. हाताने मारणारा मेस्त्री गॅप दिसला की हात जरा सावकाश करतो, टॉर्च डोलवतो, भरून काढतो आणि कुणाला सांगतही नाही. ड्रॉइंगमध्ये नसलेली ही दुरुस्ती तो दिवसभर फुकट करत असतो. रोबो आला की ती बंद होते आणि कटिंग-बेंडिंगमधले सगळे दोष एकदम उघडे पडतात.

ओळखीच्या एका शेडमध्ये रोबो घेतला आणि तो पडून आहे. असं का होतं?

वरच्या उत्तरात निम्मं आलंच. रोबोवर पैसे घातले, फिक्स्चरवर नाही, हे पहिलं कारण. दुसरं, प्रोग्रॅम करणारा एकच पोरगा होता, त्याला पुण्यात जास्त पगार मिळाला आणि तो गेला. तिसरं, ऑर्डरी पन्नास नगांच्या आणि प्रत्येक वेळी वेगळ्या. प्रोग्रॅम आणि फिक्स्चर लावण्यात दिवस जातो, तेवढ्यात दोन मेस्त्री काम उरकून चहाला बसतात.

पडून असलेला रोबो बघितला की लोक म्हणतात, "हे आपल्याकडं चालत नाही." रोबोला नावं ठेवण्याआधी कटिंग कुठून होऊन येतं ते विचारावं. लेझरवर कापलेला आणि सीएनसी प्रेस ब्रेकवर वाकवलेला माल मिळायला लागला, की तोच रोबो चालायला लागतो.

कोल्हापुरातलं कुठलं काम आधी रोबोकडे जाईल?

वाहन कंपन्यांना जाणारे पार्ट. ब्रॅकेट, सीटच्या फ्रेम, लहान असेंब्ल्या. महिन्याला हजारोंनी लागतात आणि सगळे एका छापाचे. यातलं बरंच गेलंय, उरलेलंही जाईल. त्याच्या मागोमाग शेती अवजारांचे ठरावीक नग: नांगर, रोटाव्हेटर यांचे भाग.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं काम मधलं आहे. चासी एकसारखी करता येते, ती रोबोला देता येईल. पण ऊस वाहणारा एक गडी म्हणतो बाजू उंच हवी, दुसरा म्हणतो हुक मागे पाहिजे, तिसरा स्वतःचा जुना आस घेऊन येतो. हे हट्ट आहेत तोवर ट्रॉलीवाला मेस्त्री आहे.

फाउंड्रीत वेल्डिंगपेक्षा ग्राइंडिंग आणि फेटलिंगमध्ये (ओतलेल्या मालाचे जादा उंचवटे काढण्यात) यंत्र आधी शिरतंय, आणि ते बरंच आहे; धुळीचं ते काम करायला आता पोरं मिळत नाहीत. कास्टिंगमधलं ब्लो होल (ओतताना राहिलेलं हवेचं भोक) वेल्ड मारून बुजवायचं काम मात्र हाताचंच. बिडाला आधी गरम करायचं, निकेलचा रॉड, थोडं थोडं मारायचं, सावकाश थंड होऊ द्यायचं. गिऱ्हाइकाची परवानगी असेल तरच, हे वेगळं सांगायला नको.

गेट, ग्रिल, जिने, शेड: यांना रोबोची भीती नाही. यांना भीती ॲल्युमिनियम सेक्शनची आणि तयार मालाची.

साखर कारखान्यांतल्या कामाचं काय?

गळीत चालू असताना मिलच्या रोलरवर आर्किंग करणारा माणूस एकदा जवळून बघा. रोलर फिरतोय, रस वाहतोय, पायाखाली चिकट, अंगावर शिंतोडे. तो रॉड धरून रोलरच्या दातांवर ठिपके मारत जातो. दात गुळगुळीत झाले की ऊस घसरतो, मिल पकडत नाही, रस कमी निघतो आणि बगॅस (पिळून उरलेला चोथा) ओला जातो. म्हणून दात खरखरीत ठेवायचे. रोलरचं कवच बिडाचं. त्यावर वेल्ड धरणं मुळातच अवघड, त्यात ते ओलं. यासाठी खास रॉड मिळतात, तरी हात लागतोच.

याही कामाला यंत्र आलं आहे. रोलरसमोर रुळावर सरकणारा टॉर्च, तो ठरलेल्या अंतरावर ठिपके मारत जातो. खरं सांगायचं तर हे यंत्र प्रत्येक कारखान्यात यावं असं आमचं मत आहे. फिरत्या रोलरपाशी, ओल्यात, हातात करंटचा होल्डर धरून माणूस उभा करणं हे कसब आहे म्हणून जपून ठेवावं, असं काही नाही.

बॉयलरच्या ट्यूबांचं काम वेगळं. तिथे दाबाखालच्या भागांना हात लावायला आयबीआरची (भारतीय बॉयलर नियमांची) परीक्षा पास झालेला वेल्डरच लागतो, आणि सांध्याचा एक्स-रे निघतो. दोन ट्यूबांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आरसा धरून मागचा रूट (सांध्याचा तळाचा थर) मारणारे मेस्त्री आपल्या जिल्ह्यात आहेत. कारखाना बंद असतानाच्या महिन्यांत त्यांच्या तारखा मिळत नाहीत. ट्यूबभोवती फिरणारं ऑर्बिटल टिग मशीन (टिग म्हणजे टंगस्टनच्या टोकाने केलेलं बारीक वेल्डिंग) असतं, पण नव्या कामात, मोकळ्या जागेत. जुन्या बॉयलरच्या पोटात ते बसवायला जागा नसते.

कोबोट म्हणजे काय? तो लहान शेडला चालेल का?

माणसाच्या शेजारी चालेल असा हलका, सावकाश रोबो. धक्का लागला की थांबतो. त्याला शिकवायला पेंडंटशी फार झटापट नको. हात धरून टॉर्च सांध्यापाशी न्यायचा आणि बटण दाबायचं. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सने पहिला विकला २००८ मध्ये, आता जपानी आणि चिनी कंपन्यांचेही मिळतात. शंभर-दोनशे नगांच्या ऑर्डरी असणाऱ्या शेडला मोठ्या रोबोपेक्षा हा जास्त उपयोगी पडेल, असं आम्हाला वाटतं.

फक्त "माणसाच्या शेजारी चालतो" याचा अर्थ आडोसा नको असा नाही. हात मऊ असला तरी आर्कचा उजेड, ठिणग्या आणि तापलेली नोझल तशीच असते.

खर्च परवडतो का?

किमती कंपनीप्रमाणे आणि जॉबप्रमाणे खूप बदलतात, म्हणून हिशेबाची रीत सांगतो. आकडे समजुतीपुरते, तुमचे घाला.

समजा रोबो, वेल्डिंग मशीन, पोझिशनर (जॉब फिरवणारं टेबल), फिक्स्चर आणि कुंपण मिळून २५ लाख. व्याज १० टक्क्यांनी वर्षाला अडीच लाख. सात वर्षांत यंत्राची किंमत वसूल करायची म्हणून साडेतीन लाख. ऑपरेटर महिना २५ हजार, म्हणजे तीन लाख. देखभाल, टिप, नोझल, केबल यांना एक लाख. झाले वर्षाचे १० लाख. तीनशे दिवसांनी भागलं तर एका पाळीला सुमारे ३,३०० रुपये. मेस्त्री आणि हेल्पर मिळून एका पाळीला १,५०० पडत असतील, तर रोबोने त्यांच्या सव्वादोन पट काम केलं पाहिजे. तेव्हा कुठे बरोबरी.

आता दोन पाळ्या चालवा. दुसरा ऑपरेटर धरून वर्षाचे १३ लाख, भागिले सहाशे. पाळीला सुमारे २,१५०. आता दीडपट काम झालं तरी पुरे. तार, गॅस, वीज दोन्हीकडे लागतेच, म्हणून ती धरली नाही. यातून दिसतं ते एवढंच: एका पाळीपुरतं काम असेल तर घाई नको.

हाताने वेल्डिंग करताना प्रत्यक्ष आर्क चालू असतो तो पाळीच्या साधारण पाव-एक वेळ. बाकी वेळ जॉब फिरवणं, साफ करणं, काच वर-खाली. रोबो हाच वेळ वाचवतो. टेबल दोन बाजूंचं असेल, एका बाजूला रोबो मारतोय तोवर दुसऱ्या बाजूला माणूस माल लावतोय, तर फरक जाणवतो. एकाच बाजूचं टेबल घेतलं तर रोबोही उभा राहून वाट बघतो.

तारण नसेल तर सीजीटीएमएसई (लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणारा सरकारी निधी) खाली कर्जाला हमी मिळते. १ एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटींपर्यंत आहे. बँकेत गेल्यावर हे नाव तुम्हीच आधी घ्या.

रोबोचं वेल्डिंग चांगलं की हाताचं?

सरळ, मोकळ्या सांध्यावर रोबोचं दिसायलाही देखणं असतं आणि हजाराव्या नगालाही तसंच. पण चूक झाली तर तीही हजार नगांत तशीच. गॅस संपत आला, टिप झिजली, तार अडकायला लागली, की तपासणारा शेजारी नसेल तर संध्याकाळपर्यंत ढीगभर पोरोसिटी (वेल्डमध्ये गॅसची बारीक भोकं) तयार. म्हणून रोबोशेजारी वेल्डिंग कळणारा माणूस हवा. नुसता बटण दाबणारा नको.

एआय आल्यावर हेही बदलेल ना?

काही बदललंय. सांधा शोधणारे लेझर सेन्सर आहेत. तारेने जॉबला स्पर्श करून जागा ओळखणारी सोय तर जुनी आहे. आर्क चालू असताना करंटच्या चढउतारावरून मधोमध राहणारे रोबो आहेत. त्रिमिती ड्रॉइंगवरून ऑफिसात बसून प्रोग्रॅम तयार होतो. कॅमेऱ्याने जॉब बघून स्वतःच मार्ग आखणाऱ्या सिस्टिमही विकायला आल्या आहेत. यांच्यामुळे पाच-दहा नगांची कामंही हळूहळू रोबोच्या टप्प्यात येतील.

गुऱ्हाळातला गुळव्या जसा काहिलीतल्या फेसाकडे बघून कधी उतरवायचं ते सांगतो, तसा जुना मेस्त्री वितळलेल्या धातूच्या डबक्याकडे बघून हात बदलतो. ती नजर यंत्राला थोडी थोडी देता येतेय. पण गंजलेला, तेल लागलेला, आधी तीन जणांनी तीन तऱ्हेचे रॉड मारलेला जुना जॉब समोर आला, की कुठून सुरुवात करायची आणि हे जोडण्यालायक आहे का, हे माणूसच ठरवतो.

हातात धरायचं लेझर वेल्डिंग मशीन घेऊ का? व्हिडिओत फार सोपं दिसतं.

पातळ स्टेनलेस पत्र्याला खरंच छान. जॉब वाकत नाही, ग्राइंडिंग कमी, शिकायला सोपं. स्वयंपाकघराची टेबलं, टाक्या, रेलिंग करणाऱ्यांनी जरूर बघावं. गॅप मात्र याला अजिबात चालत नाही.

पण याची भीती बाळगाच. हे चौथ्या वर्गाचं लेझर असतं, म्हणजे सगळ्यात घातक वर्गाचं. किरण सुमारे १,०७० नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसतच नाही. चकाकत्या पत्र्यावरून परावर्तित होऊन शेजारून जाणाऱ्याच्या डोळ्याचा पडदा जाळू शकतो, आणि तेव्हा दुखतही नाही. आर्कने डोळे चुरचुरतात ते दोन दिवसांत बरे होतात. हे होत नाहीत. रोजची काळी काच याला चालत नाही, त्या किरणासाठीचाच चष्मा लागतो, मशीन बंद खोलीत हवं, दार उघडलं की लेझर बंद व्हायला हवा. रस्त्याकडेच्या उघड्या शेडमध्ये हे मशीन चालवलेलं दिसतं, तेव्हा आम्ही तिथून लांबूनच जातो.

रोबोमुळे वेल्डरची तब्येत तरी सुधारेल?

सुधारेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या गटात टाकला. टॉर्चपासून दोन हात लांब उभं राहणं हाच मोठा फायदा. पण शेड तीच, पंखा तोच आणि रोबोचा धूर दुप्पट, असं झालं तर सगळ्यांनाच जास्त धूर. रोबोबरोबर धूर ओढणारी सोय घ्या. गॅल्व्हनाइज्ड पाइप मारून रात्री थंडी-ताप भरला तर दूध पिऊन झोपू नका. तो जस्ताच्या धुराचा ताप आहे. पुढच्या वेळी जस्त घासून काढून मारा आणि मास्क लावा.

मुलाला आयटीआयला वेल्डर ट्रेडला घालू का?

घाला. वर्षभराचा कोर्स आहे, आठवी पास चालतं, कळंबा रोडवरच्या सरकारी आयटीआयत चौकशी करा. पण वर्ष संपल्यावर लगेच कुठेतरी चिकटवू नका. पहिली दोन वर्षं जिथे टिग, सीओटू आणि रॉड तिन्ही मारायला मिळतील, ड्रॉइंग वाचायला मिळेल अशा ठिकाणी अप्रेंटिस म्हणून राहू दे. पगार थोडा कमी असला तरी. मग सिक्स-जीची परीक्षा: पाइप पंचेचाळीस अंशांत पक्का बांधलेला असतो, तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरून सांधा मारायचा. आखातात जाणाऱ्याला आणि पाइपलाइनच्या ठेकेदारांकडे हीच विचारतात.

मुलीसाठी विचारत असाल तर तेच उत्तर. टिगचं बारीक काम आणि रोबो सेल (रोबोची कुंपणातली जागा), दोन्हीकडे ताकदीपेक्षा हात स्थिर लागतो.

माझं वय पंचेचाळीस. वीस वर्षं सीओटू मारतोय. आता काय शिकू?

मोबाइलवर पैसे पाठवता येतात ना? मग पेंडंट चालवता येईल. तुम्हाला करंट, व्होल्टेज, टॉर्चचा कल आणि कुठल्या कोपऱ्यात जॉब ओढला जातो हे माहीत आहे. इंजिनिअरिंग झालेल्या पोराला बटणं माहीत असतात, हे नसतं. कंपन्या रोबोबरोबर जे आठवडाभराचं प्रशिक्षण देतात, त्याला मालक बहुतेक वेळा सुपरवायझरला पाठवतात. तुम्ही स्वतः जाऊन मागा. मालकांनाही आमचं सांगणं हेच, शेडमधला सगळ्यात चांगला मेस्त्री पाठवा आणि परत आल्यावर त्याचा पगार वाढवा, नाहीतर तो शिकून शिरोलीतून कागलला जाईल.

ते जमत नसेल तर फिक्स्चर बनवायला शिका. रोबो वाढतील तसे चांगले फिक्स्चर करणारे कमी पडतील, आणि उद्यमनगरात लेथ-मिलिंगवाल्यांची कमतरता कधीच नव्हती.

रोबो घ्यायचं ठरवलंय. सुरुवात कुठून करू?

एक जॉब निवडा, सगळ्यात जास्त नगांचा. महिनाभर त्याच्या प्रत्येक लॉटमधून थोडे नग टॅक (तात्पुरते ठिपके) मारल्यावर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजा आणि सांध्यातला गॅप वहीत लिहा. गॅप बदलत असेल तर आधी कटिंग सुधारा. मग पुरवठादाराला विचारा: बंद पडला तर माणूस कुठून येणार, पुण्याहून की बंगळूरहून? किती तासांत? सुटे भाग साठ्यात आहेत का? कंट्रोलरचे पासवर्ड आम्हाला देणार का? लाइट मध्येच गेली आणि परत आली तर प्रोग्रॅम कुठून सुरू होतो, ते समोर करून दाखवायला सांगा. आपल्या एमआयडीसीत ते रोजचं आहे.

डेमोला स्वतःचे नग घेऊन जा. आणि निवडून नेऊ नका. रोजच्या ढिगातले वरचे वीस उचला.